कुमुदला घेऊन गूळ-दाण्यांच्या मुलखात

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत आम्ही तिघे पहाटे सहाच्या एसटीने पुण्याहून निघालो. सामान दोन पिशव्या. एकीत कपडे, दुसरीत दशम्या (दुधात पीठ भिजवून केलेल्या भाकऱ्या), उकडलेले बटाटे, करडईच्या तेलातली चटणी आणि पोरीचे औषध.

कुमुद पाच वर्षांची. तीन वर्षांची असताना चिक्कीचा तुकडा तिने नुसता चाटला, तर दहा मिनिटांत ओठ सुजले आणि श्वास लागला. डॉक्टर म्हणाले, "याला अ‍ॅलर्जी म्हणतात. शेंगदाणा तोंडात जाऊ द्यायचा नाही, हाच उपाय. पुन्हा श्वास लागला तर तडक इंजेक्शनला आणा." पोर वाचावी म्हणून माझ्या सासूबाईंनी तेव्हा शनीला नवस बोलला होता, तो फेडायला आम्ही निघालो होतो. जूनमध्ये तिला शाळेत घालायचे, असा पत्नीचा आग्रह होता. मी म्हणत होतो, एक वर्ष थांबू. वर्गात चाळीस मुले म्हणजे चाळीस डबे, आणि तिच्यावर नजर ठेवायला मी तिथे नसणार.

केडगावला गाडी थांबली तशी खिडकीशी भाजलेल्या शेंगांची टोपली आली. शेजारच्या बाईंनी ओंजळभर घेऊन कुमुदपुढे धरल्या.

"घे गं बाय."

"नको. तिला दाण्यांनी त्रास होतो," मी म्हणालो.

"दान्यानं कुनाला तरास हुतो व्हय? दोन खाल्लं म्हून काय हुतंय!"

मी उठून मागच्या बाकावर जागा बदलून घेतली. बाईंना राग आला असावा. टरफले मात्र त्यांनी मुकाट्याने खिडकीबाहेर टाकली.

नगरला एका खाणावळीत चौकशी केली. फळ्यावर अकरा पदार्थ होते.

"वांग्यात कूट आहे?"

"कुटाबिगर वांगं कसं हुईल?" मालक म्हणाला.

"आमटीत?"

"आमटीत तर असनारच. तुमी एक करा सायेब, कशात न्हाई ते इचारा. लवकर उरकंल."

कशात नाही ते विचारले. भात आणि दही निघाले. मालकाने नवा डाव धुऊन आणला आणि भात पातेल्याच्या मधोमधून वाढला. पिवळ्या ज्वारीच्या शेतांकडे तोंड करून आम्ही पोटभर जेवलो.

दुपारी घोडेगावला उतरलो. तिथून शिंगणापूर तीन-साडेतीन मैल, बैलगाडीचा रस्ता. गाव उघडे. घरांना चौकटी आहेत, पण दारे नाहीत. कुठे पडदा, कुठे तट्ट्या (बांबूचा आडोसा). पुरुषाने आंघोळ करून ओलेत्याने चौथऱ्यावर जायचे, असा इथला रिवाज. मी शिळेवर तेल वाहून खाली आलो, तो पत्नी समोरून धावत येत होती.

"कुमुद दिसत नाहीये! मी पिशवी बांधायला वाकले तेवढ्यात गेली."

या भागात दारी आलेल्याला पाण्याबरोबर गूळ-दाणे देतात. आणि इथे तर दारच नाही, पोर कुठल्याही घरात शिरेल. ओल्या धोतराने मी धावत सुटलो. दोन घरे पाहिली. तिसऱ्या घराच्या ओट्यावर कुमुद उभी होती, हात पाठीमागे घट्ट धरून. समोर एक म्हातारी ताटली घेऊन बसलेली.

"काही खाल्लं का हिनं?" मी ओरडलोच.

"कुठलं खातीय! दानं दिलं तर म्हनती, आजी, माझं तोंड सुजतं. नुसता गूळ दिला तर म्हनती, हा दाण्यांना लागलाय. आता पावनी आली, तिला काय कोरड्या पान्यावर धाडू?"

कुमुद म्हणाली, "आजी, तुमच्याकडे अख्खी ढेप आहे ना? त्यातला द्या. पण आधी हात धुवा."

"आगं बया! माज्या सासूनं कदी हात धुवाय लावला न्हाई!" म्हातारी खदखदून हसली. पण उठली, हात धुतले, विळा घासला आणि आतून कोरी ढेप आणून मधला खडा काढून दिला. कुमुदने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, तेव्हा खाल्ला.

तरीही मी घड्याळ लावून अर्धा तास तिच्या ओठांकडे पाहत बसलो. काही झाले नाही.

"पावनं," म्हातारी म्हणाली, "धोतर अंगावरच वाळलं की! उठा आता, पोर शानी हाय तुमची."

परतीच्या गाडीत कुमुद आईच्या मांडीवर झोपली. पत्नीने नुसते विचारले, "मग?"

"जूनमध्येच," मी म्हणालो.

शाळेतल्या बाईंना भेटून सगळे सांगावे लागेल, डबा वेगळा द्यावा लागेल, आणि पहिले काही दिवस मी मधल्या सुट्टीत फाटकाशी जाऊन उभा राहणार, हेही खरे. पण फाटकाच्या बाहेरच. दोन वर्षे मी घरातले चमचे मोजले, डबे मोजले, दवाखान्याचे अंतर मोजले. तेवढ्या काळात पोरगी किती मोठी झाली, ते मोजायचे राहूनच गेले होते.