दुमेला, म्मा! गाई कशा आहेत?

नव्वदच्या दशकात आमच्या माडीवरच्या खोलीत बोत्स्वानाचा एक मुलगा भाड्यानं राहायला आला. इथे कॉलेजात शिकायचा. उंच इतका की जिन्यात रोज डोकं आपटायचं. हा देश कुठे, तर आफ्रिकेच्या पार खाली, दक्षिण आफ्रिकेला लागून. भाषा त्स्वाना. ती शेजारच्या देशातही पुष्कळ लोक बोलतात म्हणे.

त्यांच्यात माणूस भेटला की आधी विचारपूस. नुसता भाव विचारायचा असला तरी आधी "दुमेला, र्रा", म्हणजे नमस्कार हो दादा. बाई असली तर "दुमेला, म्मा". मग झोप लागली का, घरचे कसे, गाई कशा, पाऊस कसा. पावसाला म्हणतात पूला, आणि त्यांच्या पैशाचं नावही पूलाच. त्यांच्या भाषेत लिहायचा ग आणि म्हणायचा ख, तोही घशातून. आमचे हे सकाळी मोरीत खाकरतात ना, अगदी तसा. इतकी वर्षं घरात त्स्वाना चालू होती आणि आम्हाला पत्ताच नाही!

तर मुलानं घरी आपला फोटो पाठवला आणि घोळ झाला. आईला तो वाळलेला दिसला. आता तिकडे ज्वारीची घट्ट पेज खातात, त्यामुळे आमची भाकरी त्याला घरचीच वाटे, चांगला चापून जेवायचा. पण आईच ती. तिनं कळवलं, परीक्षा झाली की परत ये, शिक्षण पुरे.

पोराचं तोंड एवढंसं झालं. "म्मा, रविवारी आईचा फोन येईल. तुम्ही बोला ना."

"मी? मला काय येतं रे तुझ्या भाषेतलं?"

"आधी नमस्कार. मग मी शिकवतो ते म्हणा. नीट जेवतो, राहू द्या त्याला."

आठवडाभर पोळ्या लाटताना पाठांतर. हे म्हणाले, "चांदवडच्या बहिणीशी तासतास बोलून भागेना, आता आफ्रिका!"

रविवारी फोन वाजला. "दुमेला, म्मा!" मी ओरडले. पलीकडून "दुमेला, म्मा!" आणि पुढे नुसता धबधबा. "सेन्त्ले, सेन्त्ले," म्हणजे छान छान, हे मी ठोकून दिलं. मग पूला ऐकू आलं. मी खुललेच. सरळ मराठीत सांगून टाकलं, आमच्या नदीला पूर येऊन गेला, आमचा झेंडू कुजला.

मुलगा कानाशी कुजबुजला, "गाई विचारतेय, गाई!"

"गाय नाही हो, म्हैस आहे. लाथा मारते." तिला म्हैस कशी कळावी? मी फोनमध्ये रेकून दाखवलं. ती पोट धरून हसली आणि तिनं तिकडून गाय हंबरून दाखवली. मी परत रेकले. तेवढ्यात तिचं फोनचं कार्ड संपलं, फोन कट.

मुलगा डोकं धरून जिन्यावर बसला. "म्मा, राहू द्या म्हणालातच नाही!"

हे म्हणाले, "परदेशात म्हैस पोचवलीस, पोरगा तेवढा ठेवता आला नाही."

 पोराचं शिक्षण माझ्या रेकण्यापायी बुडणार!

पुढच्या रविवारी फोन त्यानंच घेतला. बराच वेळ "ए म्मा, ए म्मा" म्हणजे हो आई, हो आई करत ऐकत होता. मग फसकन हसला. आई म्हणत होती, ज्या घरात कामाचं बोलणं बाजूला ठेवून आधी पावसाचं आणि गुरांचं बोलतात, तिथे माझं लेकरू उपाशी राहायचं नाही. राहा तिथेच.

राहिला, कॉलेज संपेपर्यंत. मात्र दर रविवारी आईचा फोन आधी मलाच. तो बिचारा शेजारी हात पुढे करून उभा, "म्मा, आता मला द्या ना," आणि बहुतेक वेळा तेवढ्यात कार्ड संपायचं.