गेटच्या आत

माझ्या वडिलांचा आयुष्यात एकदाच जाहीर सत्कार झाला. त्यानंतर त्यांनी पालेगावच्या रस्त्याने जाणं सोडून दिलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो आणि बाबा एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. एका संध्याकाळी ड्यूटी संपवून सायकलवरून येताना त्यांना वाटेतल्या केमिकल कंपनीतून माणसं पळत बाहेर येताना दिसली. कुठलासा पाइप फुटून गॅस सुटला होता. बाबांनी सायकल तिथेच टाकली, डब्याच्या पिशवीतला नॅपकिन टपरीवरच्या बादलीत बुडवला, नाकाला बांधला आणि आणखी दोघांबरोबर आत शिरले. पिंपांच्या शेडपाशी एक माणूस पालथा पडला होता. उचलून बाहेर आणल्यावर त्यांनी त्याला ओळखलं. तो पालेगावचा होता. त्याची बायको स्वतःच्या वाडीतली भाजी घेऊन आमच्या दारी यायची. मी तिला मावशी म्हणायचे.

बाबांनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन रिक्षाने उल्हासनगरचं हॉस्पिटल गाठलं. आठवडाभर तो तगला, मग गेला. बाबांचा खोकला पुढे कित्येक महिने टिकला.

तो ठेकेदाराचा माणूस होता. कंपनी म्हणाली, त्या दिवशी तो कामावर नव्हताच, बाहेर टपरीवर उभा होता, आणि दमा तर त्याला आधीपासूनच होता. ठेकेदाराने हात वर केले. मावशी कंपनीच्या गेटवर हेलपाटे घालत राहिली. नवऱ्याच्या जागी आपल्याला काहीतरी काम द्यावं, झाडलोट चालेल, एवढंच तिचं मागणं होतं.

वर्षभराने आमच्याकडे एक पत्रिका आली. गावातल्या एका सेवाभावी मंडळाने गॅस सुटला तेव्हा धावून गेलेल्या स्वयंसेवकांचा आणि समाजाच्या हितचिंतकांचा गौरव समारंभ ठेवला होता. हॉल उल्हासनगरचा, प्रमुख पाहुणे त्याच केमिकल कंपनीचे मालक. हॉलचं भाडं, शाली, जेवण, सगळं त्यांच्याच देणगीतून होतं, हे पत्रिका घेऊन आलेल्या कार्यकर्त्यानेच कौतुकाने सांगितलं.

"मी जाणार नाही," बाबा म्हणाले.

आईला वाईट वाटलं. "अहो, तुम्ही काही चोरी नाही केली. चार लोकांसमोर कौतुक होतंय तर होऊ दे की."

बाबा बधले नाहीत. पण दोन दिवसांनी मावशी आली. तिच्या कानावर गेलं होतं. आईने दिलेला चहा तिने तसाच बाजूला ठेवला.

"भाऊ, तुमी जा," ती म्हणाली. "तो शेट मना गेटावरून आत घेत नाय. तुमच्यासमोर तो बसल. तिथं माइक आसल, मानसा आसतील. तुमी फक्त सांगा, ह्याला आतून उचलला. तुमी सांगितलाव तं त्याला नाय म्हनता येनार नाय."

बाबांनी चहाचा कप पुन्हा तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "बरं. तूही ये. समोर बस."

समारंभाला मी आणि आई मावशीला मधे घेऊन पाचव्या-सहाव्या रांगेत बसलो होतो. मावशीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. स्टेजवर आधी मंडळाचे अध्यक्ष बोलले, मग देणगीदार, मग पुन्हा अध्यक्ष. मालकांचं भाषण चांगलं झालं. दुर्घटना कोणाच्या हातात नसते, पण माणुसकी आपल्या हातात असते, असं ते म्हणाले. लोकांना ते आवडलं.

बाबांना शाल घातली, नारळ दिला आणि सूत्रसंचालक पुढचं नाव घेणार तेवढ्यात बाबांनी माइककडे हात केला.

"मला एक सांगायचंय."

"काका, टाइम कमी है," सूत्रसंचालक हसत म्हणाला. "दो शब्द."

बाबांना भाषणाची सवय नव्हती. "मी ज्याला उचललं," ते म्हणाले, "तो गेटच्या आत होता. बाहेर नव्हता. मी आत जाऊन त्याला उचललं. पिंपांच्या शेडजवळ."

मग टाळ्या सुरू झाल्या. सूत्रसंचालकाने माइक जवळजवळ हिसकावलाच. "सुना आपने? गॅस सुटलेला असताना काका गेटच्या आत घुसले. इसको कहते हैं जिगर. जोरदार टाळ्या." मालक उठले आणि त्यांनी बाबांना मिठी मारली. फोटोग्राफरने त्यांना तसंच थांबायला सांगितलं. बाबा मिठीतूनच काहीतरी बोलत होते, तोंड हलताना दिसत होतं, पण माइक तोवर दुसऱ्या टोकाला गेला होता.

शेजारच्या बाई टाळ्या वाजवत आईला म्हणाल्या, "तुमचे मिस्टर ना? नशीबवान आहात."

मावशी मांडीवर हात ठेवून बसली होती. जेवणाला ती थांबली नाही. बाहेर पडताना बाबांना एवढंच म्हणाली, "तुमी बोललाव, पन त्यांनी भलताच ऐकला."

पुढे प्रकरण ठाण्याला कामगार खात्यापर्यंत गेलं. बाबा रजा टाकून साक्षीला गेले. कंपनीच्या वकिलाने तो मिठीचा फोटो पुढे ठेवला. कंपनीने माणूस मारला असं तुम्हाला वाटत होतं, तर मालकाच्या हातून शाल कशी घेतलीत, असं त्याने विचारलं. तेव्हा का बोलला नाहीत? बोललो होतो, असं बाबा म्हणाले. मग मंडळाच्या अध्यक्षांनी लिहून दिलं की सत्कारमूर्तींनी फक्त आपल्या धाडसाचं वर्णन केलं, तक्रारीचा शब्दही काढला नाही. तसं बघितलं तर ते खोटंही नव्हतं.

मावशीला काहीच मिळालं नाही. भाजी घेऊन आमच्या दारी येणं तिने थांबवलं. ती उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जाते असं ऐकलं. बाबा एकदा तिच्या घरी गेले होते. मुलाने दारातूनच सांगितलं, आई घरी नाही. आत भांड्यांचा आवाज येत होता, असं बाबा म्हणाले. त्या रस्त्याला ते पुन्हा गेले नाहीत. मंडळाची पत्रिका मात्र दरवर्षी येत राहिली, 'मागील वर्षांचे सत्कारमूर्ती' म्हणून.

लग्न होऊन मी बदलापूरला आले. नव्वदचं दशक संपायच्या सुमाराला बाजारात मावशी समोर आली. तीही मुलाबरोबर तिकडेच राहायला आली होती. केस पिकले होते, बोटांना कात्रीचे घट्टे पडले होते. माझी मुलगी कितवीत, आईचे गुडघे कसे आहेत, सगळं विचारलं. बाबांचं नाव तिने काढलं नाही. शेवटी मीच म्हणाले, "मावशी, बाबा गेले मागच्या पावसाळ्यात."

"समजला मना," ती म्हणाली, आणि भाजीवाल्याला मेथीची जुडी सोडून दाखवायला सांगितली.