साक्षीदार कुठं उभा होता

“पाळकसाहेब, सुनीताची तिसरी पुकार थांबवा.” याकोबभाऊ खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले. मागून दानिएलभाऊंनी मान डोलावली. दोघंही आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच. मी सोनईजवळच्या त्या गावात नुकताच बदलून आलेला पाळक. नव्वदीची सुरुवात होती. घरोघरी केबल येत होती आणि गावाचं पावित्र्य धोक्यात आहे, यावर पंचांचं एकमत होतं. धोका फक्त मुलींकडूनच आहे, यावरही.

पुकार म्हणजे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचून, कुणाची हरकत आहे का, असं विचारणं. पंचांनी हरकत घेतली की लग्न अडलंच. मग मुलीच्या नावाला लागलेला डाग जन्मात निघत नाही.

“झालं काय?”

“नगरला पोराबरूबर हिंडत हुती. लुनावर! तिसरी पुकार व्हायच्या आत!”

“पोरगा कोण?”

“ज्याच्याशी लगीन ठरलंय, त्योच की.”

मी हसू गिळलं आणि सुनीताला बोलावून घेतलं. ती आमच्या संडे स्कूलची टीचर. पंचांसमोर ताठ उभी राहिली.

“व्हय, गेल्तो आमी. लग्नाच्या चपला घ्यायला. मापाला पाय न्यावा लागतो, पाळकसाहेब.” मग हळूच म्हणाली, “मागल्या रविवारी शुद्धतेचा उपदेश तुमीच केला. सगळा येळ आमच्याच बाजूला बघून.”

चर्चमध्ये बायका डावीकडे बसत, पुरुष उजवीकडे. तिचं खरं होतं. मला फार लाज वाटली.

मी मंडळीच्या नोंदींचं मिनिट बुक काढलं. शिस्तीच्या तक्रारीत साक्षीदारानं काय पाहिलं, कुठून पाहिलं, किती वाजता, सगळं लिहून प्रभुभोजनाच्या विधीआधी मंडळीपुढं वाचायचं, असा आमचा नियम.

“कुठं पाहिलंत?”

“थेटराम्होरं.”

“किती वाजता?”

“साडेअकराला.”

“तुम्ही तिथं कसे?”

“मंडळीसाठी गीतांची पुस्तकं आनायला गेल्तो.”

“थेटरात?”

“न्हाई, शो सुटला तवा भाईर येताना...” दानिएलभाऊ भोळे. याकोबभाऊंनी त्यांचा पाय दाबला, पण उशिरा.

त्या थेटरात सकाळी कसले शो लागतात, हे अख्ख्या नगरला माहीत होतं. पोस्टरवर मोठा ‘A’ असायचा.

“मग लिहू ना? साक्षीदार मॉर्निंग शो सुटल्यावर बाहेर पडत असताना...”

“ऱ्हाऊ द्या साहेब,” याकोबभाऊ उठलेच. “पोरगी लई गुनाची हाय.”

रविवारी तिसरी पुकार वाचली. कुणाची हरकत नव्हती. मग मागच्याच रविवारचा उपदेश शब्दही न बदलता पुन्हा केला, फक्त उजवीकडे तोंड करून. पंखे दोन्ही बाजूंना होते, तरी रुमाल तिकडेच जास्त निघाले.

पुढं कुठल्याही गावात अशी तक्रार आली की मी मुलीला बोलावत नसे. साक्षीदार कुठं उभा होता, एवढंच आधी विचारायचो. बहुतेक तक्रारी तिथंच मिटायच्या.