ताज्या पाण्यानं धुतलेला फिल्टर

नोकरीसाठी पुण्याला जाताना लेकीनं तिचे पाच गोल्डफिश माझ्या ताब्यात दिले आणि बजावलं, "बाबा, दिवाळीला येईन तेव्हा पाचही जिवंत पाहिजेत." चितेगावच्या एका कंपनीत मी सत्तावीस वर्षं मालाची मापं तपासतोय. पाच मासे म्हणजे किरकोळ काम, असं मला वाटलं.

मासे वीतभर झाले होते, म्हणून पाच फुटी टाकी करून घेतली. काठापर्यंत चारशे पाच लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता साडेतीनशे. राहिला फिल्टर. त्यावर इंटरनेटवर विद्वानांची कमतरता नव्हती. एका व्हिडिओत स्पंजचा फिल्टर हाच खरा, दुसऱ्यात तो म्हणजे माशांचा खून. कॅनिस्टर, म्हणजे टाकीखाली ठेवायचा बंद डबा, एकाच्या मते आवश्यक आणि दुसऱ्याच्या मते श्रीमंतांचा नखरा. मी सहा रकान्यांचा तक्ता केला. बायको म्हणाली, "अहो, पोरीचं कॉलेज निवडताना एवढे रकाने नव्हते पाडले."

तक्त्यात कॅनिस्टर पहिला आला. टाकीतलं पाणी तासाला पाचदा फिरावं, म्हणजे साडेसतराशे लिटर. उस्मानपुऱ्यातल्या दुकानदारानं खोका पुढं सरकवला. वर छापलेलं होतं दोन हजार. मी पंधरा लिटरची बादली सोबतच नेली होती.

"सर, ये बादली कशाला?"

"मोजायला."

त्यानं फिल्टर चालवून दाखवला; बादली भरायला पंचेचाळीस सेकंद लागले. म्हणजे तासाला बाराशे. मी खोक्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"सर, मच्छी खोका वाचत नाय," तो शांतपणे म्हणाला.

मी त्याची अशी काही कानउघाडणी केली की शेवटी दोन कॅनिस्टर विकत घेतले. दोन्ही मिळून चोवीसशे. माझ्या काटेकोरपणाचा त्याला एवढा फायदा झाला की त्यानं चहा मागवला. फिल्टर धुण्याबद्दलही तो काहीतरी सांगत होता. मी तेव्हा गुणाकार करत होतो.

दोन महिने टाकी आरशासारखी होती. मग तो नळाचा दिवस आला. आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही स्वतःच्या सोयीनं. ते आलं की हौदातलं चांगलंभलं पाणी एका क्षणात 'शिळं' ठरतं. ते अंगणात ओतायचं, ताजं भरायचं आणि घरातलं जे जे हलतं ते धुऊन काढायचं. पाण्याची बोंब असलेल्या गावात पाणी फेकायची ही रीत कुणी पाडली, ठाऊक नाही. मीही ती निष्ठेनं पाळतो. त्या दिवशी मी दोन्ही फिल्टर उघडले. आतले स्पंज काळेकुट्ट. नळाखाली धरून, पिळून पिळून दुकानातल्यासारखे पांढरे केले. शिळ्या पाण्यात धुण्याचा कमीपणा मी त्यांना येऊ दिला नाही.

तिसऱ्या दिवशी टाकीत ताक ओतल्यासारखं झालं. पाचही मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मी दुकानात धावलो.

"नळाच्या पाण्यात धुतलं? अरे सर, ये क्या किया!" दुकानदारानं कपाळाला हात लावला. "मशीन नुसतं पाणी फिरवतंय. साफ ती काळी घाण करती. त्यात जंतू असतात, चांगले. ताज्या पाण्यातल्या औषधानं, क्लोरिननं, सगळे मेले."

"दोन्ही फिल्टरमधले?"

"तुम्ही दोन्ही धुतले ना, बराबर हिशोबात?"

त्यानं स्वतःच्या टाकीतला एक घाणेरडा स्पंज काढून पिशवीत घातला. "हा तुमच्या डब्यात टाका. आणि हौदात दोन-तीन दिवस साठलेलं पाणी असंल तर त्यानं टाकीतलं थोडं थोडं बदला. साठलेल्यातलं औषध उडून गेलेलं असतं."

आयुष्यभर स्वच्छतेचा आग्रह धरलेला मी, दुसऱ्याची घाण मांडीवर जपत रिक्षानं घरी आलो.

रविवारपर्यंत चार मासे खाली उतरले. पाचवा अजून वरच होता. तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. बायको हळूच म्हणाली, "नेटवर्क नाही म्हणा." मी फोन उचलला आणि टाकीसमोर धरला.

"बाबा, तो वर का आहे?"

"मी दोन्ही फिल्टर नळाच्या पाण्यानं धुतले."

तिनं चेहरा स्क्रीनजवळ आणला.

"पाणी बदललं?"

"रोज साठ लिटर. हौदातलं."

"त्याला आज खायला देऊ नका. फोन तिथंच ठेवा."

मी फोन टाकीसमोर माशांच्या खाण्याच्या डब्याला टेकवून उभा केला. ती तिकडून बघत होती, आम्ही दोघं इकडून. अकराव्या मिनिटाला पाचव्यानं तोंड मिटलं, शेपटी हलवली आणि खाली जाऊन खड्यांमध्ये काहीतरी हुंगायला लागला.

"पाच," ती म्हणाली, आणि मग मला भरपूर बोलली.