दानात गेलेला नंबर

बायकोच्या तेराव्याला शय्यादानात मी तिचा मोबाईल देऊन टाकला. गादी, उशी, चादर, छत्री, चपला, तांब्या-भांडं आणि सगळ्यांच्या वर लाल कव्हरमधला मोबाईल, चार्जरसकट. आमच्याकडे रीत अशी की गेलेलं माणूस रोज जे वापरत होतं ते गुरुजींना द्यायचं, म्हणजे ते त्याला तिकडे पोचतं. रावेरहून आलेली मोठी मेहुणी म्हणाली होती, "भाऊजी, तिचा हात रोज ज्याच्यावर फिरे ते द्या." तिच्या मनात बहुतेक पोळपाट-लाटणं असावं. माझ्या मनात मोबाईल आला. गुरुजी क्षणभर थबकले, मग त्यांनी त्याच्यावर पाणी सोडायला लावलं. बेतानंच सोडलं मी.

लोकांना वाटलं, काय मोठं मन आहे मास्तरांचं. खरं सांगायचं तर मला ती वस्तू घरातून घालवायची होती. ती गेल्यापासून मोबाईल सारखा टुणटुणत होता. साड्यांचे सेल, कुणाच्या नातवाचे फोटो, सुप्रभात. आणि रोज रात्री आठला तिच्या गोळीचा गजर. ती होती तेव्हा स्वयंपाकघरात गजर वाजे आणि ती पाण्याचा पेला नि दोन गोळ्या घेऊन बाहेर येई, एक तिची साखरेची, एक माझी बीपीची. आता गजर वाजे आणि कुणी बाहेर येत नसे. मला तो बंद करता येईना. दोन दिवस उशीखाली दाबून ठेवला, तरी आतून वाजायचा. मग म्हटलं, दिल्या घरी सुखी राहा.

आत सिमकार्ड आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. सुचलंच नाही. छत्री दान देताना तिच्या काड्या काढून कोण ठेवतो?

माझी सगळी नोकरी फोपनारच्या शाळेत गणित शिकवण्यात गेली. केळीच्या बागांमधून सायकल, नंतर लुना, नंतर बस. प्रश्न दोनदा वाचा, मग पेन उचला, हे मी पोरांना इतक्यांदा सांगितलं की आजही बाजारात एखादा केळीवाला मला बघून तेच वाक्य माझ्या आवाजात म्हणतो. अशा माणसाला मोबाईल कसा पटावा? त्यात काहीही करायला गेलं की आधी चाळीस पानांचा मजकूर येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'मी सहमत आहे'. असहमत असल्याचं बटण शोधून सापडत नाही. मी तिला म्हणायचो, "न वाचता सही करतेस, एक दिवस घर लिहून घेतील." ती म्हणायची, "घर माझ्या नावावर नाही, तुमच्या नावावर आहे. घेऊ द्या." आणि बटण दाबायची.

ती वर्षंच जोडणीची होती. बँक आधारला जोडा, गॅस बँकेला जोडा, पेन्शन फोनला जोडा, फोन पुन्हा आधारला जोडा. सगळं शहर कागद घेऊन रांगेत उभं होतं. मी रांगेत उभा राहून भांडलो आणि घरी आलो. ती रांगेत उभी राहिली, अंगठा दिला आणि काम करून आली. आमच्याकडे घरोघरी एकच पद्धत: नंबर कुणाचाही असो, सगळीकडे घरातला एकच द्यायचा, म्हणजे घोळ नको. तिनं तिचा दिला. माझ्या पेन्शनलासुद्धा तिचा. माझ्याजवळ बटणांचा साधा फोन होता आणि आहे. त्यात तिचा नंबर 'घर' या नावानं ठेवलेला होता, कारण मी फोन करायचो तो घरी, आणि घरी तीच असायची.

तेराव्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी सिलिंडर आलं. गाडीवाला दारात उभा राहून म्हणाला, "सर, ओटीपी बताइए." मी म्हटलं, माझ्याकडे नाही. तो म्हणाला, "मॅडम के नंबर पे आया होगा." मॅडमचं सांगितल्यावर त्यानं टोपी काढली, पण सिलिंडर काही काढलं नाही. नियम म्हणजे नियम.

काय करणार? मी खिशातून फोन काढला आणि 'घर' दाबलं. चार-पाच रिंग गेल्या. त्या चार-पाच रिंगमध्ये मी काय ऐकायची वाट बघत होतो, ते मला आजही कबूल करवत नाही.

"हॅलो, कोण बोलून राहिलं?" बाईचाच आवाज, पण दुसरा. गुरुजींच्या घरच्या वहिनी.

मी कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो हो सर, आत्ताच आला मेसेज. मी म्हटलं आपलं तर सिलिंडर झालं मागच्या हप्त्यात, हे कोणाचं आलं? लिहून घ्या." त्यांनी चार आकडे सावकाश सांगितले, मी ते गाडीवाल्याला सांगितले, सिलिंडर उतरलं. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "सर, जेवण करून घेतलं का?" मी हो म्हटलं. केलं नव्हतं.

मग हे नेहमीचंच झालं. बँकेत काही केलं की आकडे वहिनींकडे. विजेचं बिल वहिनींकडे. मी फोन केला की त्या आधी आकडे सांगत, मग भाजी काय केली ते विचारत. मी वांगी म्हटलं की तेल किती घातलं ते विचारत. एकदा त्यांनी आपणहून फोन केला. म्हणाल्या, "सर, बँकेनं तुमच्या बाईंना जन्मदिवसाच्या शुभेच्छा दिल्या बघा. मला वाटलं तुम्हाला सांगून द्यावं." मला तारीख लक्षात होती. सकाळपासून मी ती कुणाजवळही बोललो नव्हतो, आणि मुलीचाही फोन आला नव्हता. बँकेला आठवण होती. मला त्या बँकेचा राग आला आणि त्याच वेळी बरंही वाटलं.

आमच्या शनवारा चौकात संध्याकाळी आम्ही तीन-चार निवृत्त लोक चहाला बसतो. तिथे माझी गोष्ट कळल्यावर प्रत्येकाला मत फुटलं. एक म्हणाला, "ओटीपी दुसऱ्याच्या घरी जातो म्हणजे तिजोरीची चावी दुसऱ्याच्या कमरेला." दुसऱ्यानं सांगितलं, त्याचा मोबाईल कान देऊन ऐकतो, घरात गादीचा विषय काढला की लगेच गादीची जाहिरात दाखवतो. मी म्हटलं, "मग माझ्या घरातलं तो काय ऐकणार? दोन-दोन दिवस कुणी बोलत नाही." सगळे हसले. मीही हसलो. चहाचा ग्लास खाली ठेवल्यावर मात्र उठावंसं वाटेना, कारण उठलं की घरीच जायचं होतं.

मी एकदा गुरुजींना विचारलं होतं, नंबर परत मागितला तर दोष लागतो का. ते म्हणाले, "मास्तर, दान परत घेऊ नये. पण दानातल्या गाईचं दूध देणाऱ्यानं कधी मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही." मोबाईलच्या दुकानदाराचं मत वेगळं. तो म्हणाला, "सर, नंबर ना बाईंचा होता ना तुमचा. कंपनीचा आहे. आपण फक्त वापरतो." मग मी पाणी सोडलं ते कशावर? जे आपलं नव्हतंच ते मी दान करून बसलो होतो. गणिताच्या मास्तरानं प्रश्न एकदाही वाचला नव्हता.

दिवाळीनंतर मुलगी पुण्याहून दोन दिवसांसाठी आली. तिला हे सगळं कळलं आणि तिनं कपाळाला हात लावला. "अहो बाबा, ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो. आणि तुम्ही गुरुजींकडून मागवता!" मी म्हटलं, "मी कुठे सांगतो? ते मला सांगतात." ती हसली नाही. तिनं माझ्यासाठी नवा मोबाईल आणला होता, नवा नंबर. दोन दिवस मला घेऊन ती बँक, गॅस एजन्सी, विजेचं ऑफिस करत फिरली आणि सगळं एकेक करून आईच्या नंबरावरून सोडवून माझ्या नंबराला जोडलं. काम चोख. तिच्या आईसारखंच, न भांडता. जाताना विचारलं, "गोळी घेता ना रोज?" मी म्हटलं, घेतो. आठवेल तेव्हा घेत होतो. दोनदा भाजी घेऊन येताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती, ते सांगून तिची गाडी कशाला चुकवायची?

जाण्याआधी तिनं एक फॉर्म टेबलावर ठेवला. आईचा नंबर बंद करण्याचा अर्ज, सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत. "आईच्या नावावरचा नंबर असा दुसऱ्याच्या हातात ठेवणं बरोबर नाही, बाबा. उद्या काही झालं तर? फक्त सही करा आणि देऊन या." तिचं बरोबरच होतं. मी अर्ज दोनदा वाचला. एकही ओळ खोटी नव्हती.

पुढचं सिलिंडर आलं तेव्हा आकडे माझ्याच मोबाईलवर आले. गाडीवाला खूश झाला. मी दार लावलं आणि लक्षात आलं की आज कुणी विचारणार नाही, जेवलात का. त्या आठवड्यात वहिनींना फोन करायला मला काही कारणच उरलं नाही. बिनकारणाचा फोन परक्या बाईला कसा करावा? मला एकटं वाटत होतं, हे सरळ सांगतो. बायको गेली तेव्हा घर भरलेलं होतं. आता खऱ्या अर्थानं रिकामं झालं. आणि त्या अर्जावर सही केली की 'घर' दाबल्यावर कुणीच उचलणार नव्हतं.

तरी मी अर्ज घेऊन निघालो. नंबर बंद होणार हे आधी गुरुजींच्या घरी सांगायला हवं होतं; कुणाचा चालता फोन न सांगता बंद पाडणं शोभत नाही. संध्याकाळी त्यांच्याकडे पोचलो. गुरुजी खंडव्याला कुणाच्या वास्तुशांतीला गेले होते. वहिनींनी चहा ठेवला. मुलीनं काय काय केलं ते मी सांगत बसलो, अर्ज मात्र खिशातून निघेना. त्या म्हणाल्या, "अच्छा झालं सर. तरी मी म्हटलं, सरांचा फोन नाही आला इतक्या दिवसात. कुठं गावाला गेले का?"

तेवढ्यात आतल्या खोलीत गजर वाजला. तोच. आठ वाजले होते.

वहिनी लगबगीनं आत गेल्या आणि मोबाईल हातात घेऊनच बाहेर आल्या. लाल कव्हर आता कडेनं काळं पडलं होतं. "हा गजर मी बंद नाही केला सर. माझीपण बीपीची गोळी असते, मी भुलून जात होते. याच्यानं बरं झालं." मी म्हटलं, "तिच्या साखरेच्या गोळीचा होता तो."

"साखरेची?" त्यांनी चष्मा वर केला आणि गजर वाजत असलेला मोबाईल माझ्यापुढे धरला. "नाही सर. हे बघा ना, लिहिलं आहे."

काचेवर तिनं मराठीत लिहून ठेवलं होतं: 'यांची बीपीची गोळी. विचारायचं नाही, हातात द्यायची.'

मी ते दोनदा वाचलं. विचारलं की मी चिडायचो, हे खरं आहे. गोळी घेतलीत का, असं सुरुवातीला ती विचारायची आणि मी म्हणायचो, मी काय लहान पोर आहे? मग ती विचारायची बंद झाली. मला वाटलं होतं, विसरली. स्वतःची गोळी घेऊन ती बाहेर यायची ती फक्त सोबतीला. आणि तो गजर मी काचेकडे न बघताच उशीखाली दाबला, पाणी सोडून घालवला.

मला रडू आलं. परक्या घरात, परक्या बाईसमोर. वहिनींनी पाण्याचा पेला आणून ठेवला, मग विचारलं, "तुमची गोळी आहे का खिशात?" नव्हती. खिशात फक्त अर्ज होता.

तो मी तसाच घरी आणला. पुण्याला सांगितलं, ऑफिसला सुट्टी होती. नंतर सांगितलं, साहेब नव्हते. मुलीला कळलं असणार, तिनं विचारणं सोडलं. अर्ज कपाटात आहे, सहीची जागा कोरी. आयुष्यभर मी म्हणत आलो की न वाचता सही करू नये. हा मी नीट वाचला आहे आणि मी सहमत नाही.

त्या रात्री निरोप देताना वहिनी दारात म्हणाल्या होत्या, "सर, आठ वाजले की मी मिस कॉल मारत जाईन. उचलू नका."

रोज आठला जुना फोन टेबलावर थरथरतो. त्यावर नाव येतं, 'घर'. मी उचलत नाही. उठतो, पाणी घेतो आणि गोळी स्वतःच माझ्या हातात देतो.