लेथजवळचं स्टूल आणि माझी पीएचडी

लेथ मशीनखाली लोखंडाचा बुरा साचतो तसे माझ्या पीएचडीचे किस्से साचलेत. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच! वैताग आहे नुसता.

मी लातूरच्या एका कॉलेजात शिकवतो. गावातल्याच ओळखीच्या आप्पांच्या वर्कशॉपमध्ये डाळमिलचे पार्ट बनतात. तिथं कोणतं काम कोणत्या मशीनवर कधी चढवायचं, ते ठरवणारा प्रोग्राम मी लिहिलाय. नांदेडच्या गाइडसरांची अट एकच. एक अख्खा दिवस वर्कशॉप प्रोग्रामप्रमाणे चालवून दाखव, मगच थीसिसवर सही. तो एक दिवस काही उगवत नव्हता.

* * *

आप्पांना प्रोग्राममधला जेनेटिक अल्गोरिदम समजावून सांगितला. कम्प्युटर कामांचे शेकडो क्रम मांडतो, त्यातले चांगले निवडतो, त्यांच्या जोड्या लावतो, मग त्यातून आणखी चांगले निपजतात. आप्पांनी मन लावून ऐकलं.

"सोयरीकच की ही. पत्रिका कोण बघतंय?"

* * *

पत्रिका नाही, पण पंचांग बघावं लागलं. अमावस्येला नवं काम चढवायचं नाही, हा आप्पांचा नियम. मी डोकं फोडून वर्षभराच्या अमावस्या प्रोग्राममध्ये घातल्या. पुढच्याच अमावस्येला जाऊन बघतो, तर लेथवर नवं काम फिरतंय!

"गिऱ्हाईक लई घाईत हाय," आप्पा म्हणाले. "ही अमावस्या चालतीय."

* * *

खरा वैरी म्हणजे लेथजवळचं स्टूल. जे गिऱ्हाईक त्यावर येऊन बसेल, त्याचं काम आधी. मग यादीत त्याचा नंबर कितीही खाली असो. लेथ चालवणाऱ्या गफूरभाईंवर एकदा मी जाम चिडलो. त्यांनी मशीनसुद्धा थांबवलं नाही.

"सर, माणूस समोर बसून राहिला. तुमचा प्रोग्राम कुठं बसतो?"

* * *

एकदा मात्र आप्पा प्रोग्रामचं नाव घेताना सापडले. उदगीरच्या मिलवाल्याचं काम रखडलं होतं आणि आप्पा फोनवर हळहळत होते, "माझ्या हातात काय हाय? कम्प्युटरनं मागं टाकलंय तुम्हाला."

यादीत तो पहिला होता!

* * *

शेवटी गाइडसर स्वतः बघायला आले. मी सकाळीच स्टूल गोडाऊनमध्ये दडवलं, सगळ्यांना हात जोडले. आणि काय सांगू, दुपारपर्यंत एकेक काम यादीप्रमाणे! मला भरून आलं.

सरांनी खांद्यावर हात ठेवून मला बाहेर नेलं आणि गाडीची डिकी उघडली. आत त्यांच्या शेतातल्या मोटारीचा गंजलेला शाफ्ट.

"एवढा मधे घेता येईल का बघ."

मागून आप्पा आले, शाफ्ट बघितला आणि मान हलवली. "सर, माझ्या हातात काय हाय? कम्प्युटरला इचारा."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग आत लेथकडे. म्हणाले, "बसायला काही आहे का?"

गफूरभाई गोडाऊनकडे निघाले.