गावाकडचा पाव्हणा

नौदलात वीस वर्षं काढली. पण निवृत्त होऊन जामखेडजवळच्या आमच्या गावी परतल्यापासून मला समुद्रापेक्षा जास्त आठवतो तो एक उसाचा फड.

अधिकारी झाल्याचं पहिलंच वर्ष होतं. जहाज दुरुस्तीला गोदीत लागलं आणि ऐन जानेवारीत मला पंधरा दिवसांची रजा मिळाली. आमच्याकडं जानेवारीत घरी जाऊन उपयोग नसतो. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, दारांना कुलपं. माझे आईवडीलही देवळाली प्रवराच्या बाजूला होते. आता कोयता सोडा म्हणून मी हात जोडले होते, पण "एवढा एक हंगाम" म्हणत दादा, म्हणजे माझे वडील, परगावच्या टोळीबरोबर गेलेच.

फोन केला तर म्हणाले, "हिकडं येऊ नगंस. पाडव्याला आमीच येतो घरी."

पाडव्याला मी कुठल्या समुद्रात असेन हे मलाच ठाऊक नव्हतं. सरळ एसटीत बसलो.

फडात पोचलो तेव्हा आई उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधत होती. हातातलं टाकून धावत आली आणि तोंडावरून हात फिरवू लागली. हातांना पाचटाचा वास होता. तो वास आजही कुठं आला की मी हळवा होतो. दादा मात्र जागचे हलले नाहीत. एवढ्यात मुकादम आला.

"कोन हाय ह्यो?"

"गावाकडचा पाव्हणा," दादा म्हणाले.

मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. कारण जहाजावर मीही तेच करत होतो. मेसमध्ये कुणी विचारलं की "वडील शेती करतात" म्हणून मोकळा व्हायचो. ऊसतोड हा शब्द काही तोंडातून निघायचा नाही. मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की कान तापले.

भाकरी खाताना आईला विचारलं, दादा असं का म्हणाले?

"तुझ्यापायीच," ती म्हणाली. "आफिसरचा बाप कोयता चालवतो हे तुझ्या बोटीवर कळलं तर तुला कोन इचारंल? हितं पोरगा आफिसर हाय हे कुनाला सांगितलंच न्हाई त्यांनी."

आम्ही दोघंही एकमेकांना लपवत होतो. फरक एवढाच, की ते माझ्यासाठी लपवत होते आणि मी मात्र स्वतःसाठी.

उन्हं कलल्यावर ऊस भरायला ट्रक आला. सगळी टोळी जमली. मुकादमानं पुन्हा हटकलं, "काय पाव्हणं, मुक्काम हाय का?"

"पाव्हणा न्हाई," मी म्हणालो. "ह्यांचा थोरला पोरगा हाय मी. नौदलात आफिसर हाय."

इतक्या वर्षांनी ही बोली तोंडात आपोआप आली होती. सगळे दादांकडं बघायला लागले. त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं. मग माझ्यावर खेकसले, "मंग हुबा काय ऱ्हायलास? उचल मोळी!"

टोळी खो खो हसली. मी बाह्या वर सारल्या, उसाची मोळी डोक्यावर घेतली आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून वर निघालो. फळी लवत होती, पाय लटपटत होते. खालून दादांचा आवाज येत होता. ज्याला त्याला सांगत होते, "माझा थोरला हाय त्यो. माझा थोरला."

दोन्ही हात मोळीला होते, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.